विणीआधीचे पाणी: लेक फोर्कवरचा मार्चमधला एक दिवस

पूर्व टेक्ससमधल्या लेक फोर्कवर बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडायला जाणाऱ्याने फेब्रुवारी संपत आला की दिनदर्शिकेपेक्षा पाण्याच्या तापमानावर लक्ष ठेवावे. हिवाळाभर खोल पाण्यात, बुडालेल्या ओढ्यांच्या जुन्या पात्रांशी मंदावून राहिलेला लार्जमाउथ बास, पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या पुढे सरकले की उथळ भागाकडे निघतो. 55 च्या आसपास तो भुकेला आणि धीट होतो. आणि 60 ते 65 च्या दरम्यान, म्हणजे साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअसला, अंडी घालण्यास सुरुवात होते. या मधल्या थोड्या आठवड्यांत गाबोळीने भरलेल्या मोठ्या माद्या अंगात बळ साठवण्यासाठी जोमाने खातात, त्यामुळे वर्षातला सर्वांत जड मासा गळाला लागण्याची शक्यता याच काळात असते. मला हे दिवस फार प्रिय आहेत, आणि त्याला माशाच्या वजनापलीकडचेही एक कारण आहे.

लेक फोर्क हा नैसर्गिक तलाव नव्हे. सबीन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीकवर धरण बांधून 1980 मध्ये पाणी अडवले गेले आणि 1985 च्या अखेरीस जलाशय पूर्ण भरला. सुमारे 27 हजार एकरांवर पसरलेले हे पाणी डॅलसहून मोटारीने दीड-दोन तासांवर आहे. धरण भरत असताना तिथल्या जंगलातली बरीच झाडे न तोडता तशीच उभी ठेवली गेली, आणि टेक्ससच्या मूळ बासपेक्षा मोठ्या वाढणाऱ्या फ्लोरिडा जातीच्या बासची पिल्ले त्या पाण्यात सोडली गेली. पुढच्या काही वर्षांतच त्याचे फळ दिसले. नोव्हेंबर 1986 मध्ये मार्क स्टीव्हन्सन या गाइडने इथे 17.67 पौंडांची मादी पकडली; तिचे नाव एथेल पडले, आणि मोठे मासे राज्याच्या मत्स्यसंवर्धन विभागाला प्रजननासाठी उसने देण्याची 'शेअरलंकर' योजना तिच्यापासून सुरू झाली. जानेवारी ते मार्च या काळात 13 पौंड किंवा त्याहून जड बास मिळाला, तर आजही तो टेक्ससमधल्याच अथेन्स गावातल्या मत्स्यकेंद्रात नेतात, तिथे त्याची अंडी घेतात आणि मासा परत त्याच्या तलावात आणून सोडतात. टेक्ससचा आजवरचा सर्वांत मोठा लार्जमाउथ, 18.18 पौंडांचा म्हणजे सव्वाआठ किलोंचा, बॅरी सेंट क्लेअर यांना 24 जानेवारी 1992 रोजी याच तलावात मिळाला, आणि तेव्हा ते बासच्या नव्हे तर क्रॅपी नावाच्या लहान, चविष्ट माशाच्या मागे होते.

एवढे मोठे मासे इथे टिकले ते मुख्यतः एका नियमामुळे. लेक फोर्कवर 16 ते 24 इंच लांबीचा बास घरी नेता येत नाही, तो सोडावाच लागतो. दिवसाला पाच बास ठेवता येतात, पण 24 इंच किंवा त्याहून लांब असा त्यांत एकच चालतो. म्हणजे वाढीच्या आणि विणीच्या सर्वांत महत्त्वाच्या वर्षांत त्या माशावर कायद्याचे छत्र असते. उलट 16 इंचांखालचे मासे लोकांनी अवश्य न्यावेत असे मत्स्यतज्ज्ञ सांगतात, कारण लहान माशांची दाटी झाली की कोणालाच पुरेसे खाद्य मिळत नाही आणि सगळ्यांचीच वाढ खुंटते.

मी वेंगुर्ल्याची आहे. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते, आणि हा कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा दंडक होताच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे खरे, पण त्याच दिवसांत अनेक मासे अंडी घालतात हेही आमच्या आजोबांच्या पिढीला पक्के ठाऊक होते. त्यामुळे विणीच्याच हंगामात सर्वाधिक बोटी पाण्यावर उतरतात, हे टेक्ससमध्ये पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते पटले नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतासारख्या थंड प्रदेशात, जिथे पिल्लांना वाढायला उन्हाळा अपुरा पडतो, तिथे वसंतात बास पकडण्यावर दीर्घकाळ निर्बंध राहिले आहेत. टेक्ससमध्ये ऊबदार महिने पुष्कळ असतात, वीण लांबते, आणि थोड्या घरट्यांतूनही तलावाला पुरतील इतकी पिल्ले निपजतात, म्हणून इथे हंगाम बंद करत नाहीत. हे गणित मला समजते. तरीही घरट्यावर बसलेला मासा आणि घरट्याकडे निघालेला मासा यांत मी फरक करते, आणि म्हणूनच मला मार्चचा पहिला पंधरवडा हवा असतो, एप्रिल नको.

बोट काकांची. काका माझ्या वडिलांचे कॉलेजातले मित्र, मूळचे सांगलीचे, कृष्णेत मरळ आणि वाम पकडत वाढलेले, आणि आता निवृत्तीनंतर आठवड्यातले निम्मे दिवस पाण्यावर असलेले. शनिवारी पहाटे एमरी गावातून पुढे जाताना रस्त्याच्या कडेला रेडबडची झाडे गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेली दिसली, आणि काकांनी गाडीचा वेग कमी करून ती नीट पाहून घेतली. डॉगवुडची पांढरी फुले अजून उमललेली नव्हती. इथले जुने लोक या दोन झाडांवरून बासचा ठाव सांगतात, आणि त्यात तथ्य आहे, कारण जी ऊब कळीला फुलवते तीच उथळ पाण्यालाही तापवत असते.

उतारावरून ट्रेलर पाण्यात घेतला, बोट सुटली, आणि काकांनी पहिली गोष्ट केली ती इंजिन बंद पाडणाऱ्या दोरीची कडी आपल्या लाइफ जॅकेटला अडकवण्याची. चालक बोटीबाहेर फेकला गेला तर इंजिन तत्क्षणी थांबावे यासाठी ही दोरी असते, आणि 26 फुटांहून लहान बोटींवर ती वापरणे 1 एप्रिल 2021 पासून अमेरिकेत सक्तीचे आहे. लेक फोर्कवर या खबरदारीला विशेष अर्थ आहे. चाळीस वर्षांपूर्वी उभी ठेवलेली ती झाडे आता पाण्याच्या पातळीशी कुजून तुटलेली आहेत, पण खालचे बुंधे तसेच आहेत, आणि बोयांनी आखून दिलेली वाट सोडून वेगात जाणाऱ्या बोटीची गाठ त्यांच्याशी पडते. शिवाय मार्चच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय फार वेळ साथ देत नाहीत.

मुख्य तलावात बोटीवरच्या पडद्यावर पाण्याचे तापमान 54 अंश दिसत होते. दोन दिवसांपूर्वी उत्तरेकडून आलेली थंडीची लाट ओसरली होती, वारा दक्षिणेकडे वळला होता, आणि आकाशात पातळ ढग होते. लाट येऊन गेल्यावर लगेच पडणाऱ्या स्वच्छ, कडक निळ्या दिवसापेक्षा हे हवामान किती तरी चांगले, कारण त्या निळ्या दिवशी मासा तळाशी किंवा गवताच्या गाभ्यात चिकटून राहतो आणि अगदी तोंडापुढे आमिष आले तरच हलतो. माझ्या मते लोक दुपारच्या उन्हाला फार महत्त्व देतात आणि रात्रीच्या तापमानाकडे दुर्लक्ष करतात. सलग तीन-चार रात्री उबदार गेल्या की पाण्यात जी ऊब मुरते ती एका उन्हाच्या दिवसाने येत नाही.

"आधी उत्तरेच्या काठाला जाऊ," काका म्हणाले. "तिथे उत्तरेचा वारा लागत नाही, आणि सकाळपासून ऊन पडतं. दोन-तीन अंशांचा फरक नक्की मिळेल बघ."

लिटल केनी क्रीकच्या एका फाट्यात आम्ही वळलो. फाट्याच्या तोंडाशी, जिथे जमिनीचे टोक पाण्याखाली उतरत ओढ्याच्या पात्राला भिडते, तिथे काकांनी इंजिन बंद करून पुढची ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट सावकाश हलवणारी विजेवरची मोटर, सोडली. खोल पाण्यातून उथळाकडे निघालेला बास एकदम काठावर येत नाही. अशा टोकांवर तो थांबतो, हवा बिघडली तर मागे फिरतो, सुधारली तर पुढे सरकतो. तिथे आम्ही कॅरोलायना रिग लावला: पुढे जड शिसे, मग मणी, मग तीन-चार फूट दोर आणि शेवटी गळावर मऊ प्लॅस्टिकचा सरडा. शिसे तळ चाचपत जाते आणि सरडा त्याच्या मागे अलगद तरंगत येतो. तळ चिखलाचा आहे की खड्यांचा, हे रॉडमधून हाताला स्पष्ट कळते. दोन तासांत तिथे एकही मासा लागला नाही, आणि काकांनी त्या टोकाचा निरोप घेतला.

फाट्याच्या आत पाणी 57 होते. पुढे पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा एक मोठा थवा पसरला होता. पांढऱ्या चोचीचे हे काळे पक्षी आपल्या तलावांवर दिसतात त्यांचेच अमेरिकी भाऊबंद. ते जिथे बुड्या मारून चरतात तिथे खाली पाणवनस्पती असणार हे ठरलेले. इथे ती हायड्रिला होती. महाराष्ट्रात विज्ञान शाखेत शिकलेल्या प्रत्येकाने हायड्रिला हातात धरलेली आहे; चंचुपात्रात पालथ्या नरसाळ्याखाली तिच्या काड्या ठेवायच्या, वर परीक्षानळी, आणि उन्हात ठेवल्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे मोजायचे. आपल्याकडची ही वनस्पती मत्स्यालयांच्या व्यापारातून 1950 च्या दशकात फ्लोरिडात पोहोचली आणि तिथून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या जलाशयांत पसरली. तिने इथल्या पाण्याचा कोंडमारा केला हे खरे आहे, तिच्यावर नियंत्रण ठेवणे आवश्यकच आहे. पण मार्चमध्ये पाण्याखाली फूट-दीड फुटावर थांबलेला तिचा जो नवा हिरवा थर असतो, त्याच्या कडेसारखी बासला दबा धरायला सोयीची जागा दुसरी नाही.

इथे आम्ही आमिष बदलले. या दिवसांत टेक्ससमध्ये ज्याच्या त्याच्या रॉडवर लाल रंगाचे, ओठाची पट्टी नसलेले, पोटात छर्रे भरलेले क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचे टणक आमिष, दिसते. थंडी संपताना गोड्या पाण्यातले, झिंग्यासारखे क्रॉफिश बिळांतून बाहेर पडतात, त्यांच्या अंगावर तांबूस छटा असते, आणि बास त्यांच्यावर तुटून पडतो. आमिष लांब फेकायचे, ते गवताच्या शेंड्यांना घासत आणायचे, आणि अडकले की मनगटाने एक खणखणीत झटका देऊन सोडवायचे. सुटताना त्यातले छर्रे खडखडतात, ते उसळी घेते आणि पुन्हा कलंडत खाली जाते. मासा लागतो तो बहुतेक वेळा त्या कलंडण्यात. म्हणून झटक्यानंतर दोर पूर्ण सैल सोडून चालत नाही, हलकासा ताण राहू द्यावा लागतो. समोरच्या पाण्यातला मासा पडद्यावर हलताना दाखवणारा सोनार आता पुष्कळ बोटींवर असतो. काकांनी तो बसवलेला नाही आणि मला त्याची उणीव वाटत नाही, कारण दोरातून हाताला येणारी माहिती वाचणे हाच या शिकारीतला माझा खरा आनंद आहे.

अकराच्या सुमारास झटक्यानंतर आमिष सुटलेच नाही. क्षणभर ते गवतच वाटले, मग ते गवत डावीकडे चालू लागले. मी रॉड आडवा ठेवला, कारण वर उचलला की बास पाण्याबाहेर उसळतो आणि डोके झाडून असले जड आमिष सहज फेकून देतो. मासा गवतात शिरला, दोरावर हायड्रिलाचा झुपका जमला, आणि काकांनी काही न बोलता ट्रोलिंग मोटरने बोट थेट त्याच्या डोक्यावर नेली. वरून ओढल्यावर तो गवतातून सुटला. काकांनी जाळे खाली धरले, आणि हिरव्या काड्यांच्या गुंत्यासकट ती मादी बोटीत आली.

ओल्या फळीवर ती मोजली. साडेबावीस इंच, सात पौंडांहून थोडी अधिक, म्हणजे सव्वातीन किलोंच्या आसपास. या वजनाचा बास जवळजवळ नेहमी मादीच असतो. नर इतके वाढत नाहीत. पाठ शेवाळी हिरवी, कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला तुटक काळा पट्टा, आणि डोळ्याच्याही मागे पोहोचणारा वरचा जबडा. पोट दोन्ही बाजूंना फुगलेले होते, आणि हात लावताच आतली गाबोळी जाणवत होती. मी तिची शेपटी पाहिली. खालची कड अखंड होती, कुठेही झिजलेली किंवा रक्ताळलेली नव्हती, म्हणजे ती अजून घरट्यावर गेलेली नव्हती. तळ शेपटीने झाडून घरटे करतो तो नर, आणि एप्रिलमध्ये पकडलेल्या नरांच्या शेपटीची खालची कड पार सोललेली असते.

असा मासा हाताळण्याची रीत प्रत्येकाने शिकून घेतली पाहिजे, आणि याबाबत मी आग्रही आहे. हात आधी पाण्यात भिजवायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला बुरशीपासून वाचवतो. खालच्या जबड्याला अंगठ्याने धरायचे, पण नुसते जबड्यावर लोंबकळवायचे नाही; दुसरा हात पोटाखाली असलाच पाहिजे, नाहीतर इतक्या वजनाच्या माशाचा जबडा दुखावतो आणि पुढे त्याला तोंड मिटून भक्ष्य धरता येत नाही. छायाचित्र हवे असेल तर कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यातच ठेवायचा. माणसाने आपला श्वास रोखून धरावा, आणि तो धरवेनासा झाला की समजावे की माशालाही आता पाणी हवे, हा काकांचा नियम मला फार योग्य वाटतो. मी तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरले, तिने कल्ले तीन-चार वेळा उघडले, आणि शेपटीच्या एका तडाख्याने माझी बाही भिजवून ती गवतात गेली.

त्यानंतर दुपारी दोनपर्यंत गवताच्या त्याच कडेवर मासे लागत राहिले, बहुतेक दोन-तीन पौंडांचे. त्यांतले 16 इंचांखालचे दोन आम्ही घरी नेण्यासाठी लाइव्हवेलमध्ये, म्हणजे मासे जिवंत ठेवण्याच्या बोटीतल्या टाकीत, ठेवले.

मग वाऱ्यापासून पूर्ण आडोसा असलेल्या फाट्याच्या अगदी टोकाशी गेलो. तिथे पाणी जेमतेम गुडघाभर आणि तापमान 61. ध्रुवित चष्म्यातून तळ स्वच्छ दिसत होता, आणि एका बुंध्याशेजारी परातीएवढे एक फिकट वर्तुळ दिसले. गाळ झाडून काढलेला, वाळू उघडी पडलेली, आणि वर एक लहान नर स्थिर उभा. तलावाच्या बाकी भागाच्या आठवडाभर आधी इथे वीण सुरू झाली होती.

अशा नराला पकडणे अगदी सोपे असते. तो भुकेने आमिष तोंडात घेत नाही. अंड्यांजवळ आलेली वस्तू उचलून बाहेर टाकण्यासाठी घेतो. तो दोन-चार मिनिटे जरी बोटीत असला, तरी आजूबाजूला टपून बसलेले ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात, आणि सोडल्यावर तो परतला तरी अनेकदा राखण्यासारखे थोडेच उरते. कायद्याने हे चालते, आणि तलावाच्या एकूण संख्येवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, असे अनेक जाणकारांचे म्हणणे आहे. मी त्यांच्याशी संख्येवरून वाद घालणार नाही. पण राखणदार आपले काम करतो आहे म्हणूनच जो मासा हाती लागतो, तो पकडण्यात मला कौशल्यही दिसत नाही आणि समाधानही.

काकांनी बोट मागे घेतली. "आमच्याकडे मरळ असंच करते," ते म्हणाले. "पाण्यावर तांबड्या पिल्लांचा घोळका फिरतो ना, त्याच्या खाली आईबाप असतात. घोळक्यात गळ टाकला की मोठी मरळ हमखास लागते. नदीकाठी हे पोरासोरांना सुद्धा माहीत होतं."

"मग तुम्ही पकडायचात का, काका?"

"पकडायचो की. आणि दोन दिवसांनी तो घोळका कुठे दिसायचा नाही. वडिलांनी एकदा मला तिथे नेऊन रिकामं पाणी दाखवलं, तेव्हापासून सोडून दिलं."

परतताना उतारावर नेहमीचे काम होते. बोटीतले सगळे पाणी सोडायचे, लाइव्हवेल रिकामी करायची, ट्रेलरच्या सांध्यांत अडकलेली प्रत्येक काडी हाताने काढायची. लेक फोर्कमध्ये जायंट साल्विनिया ही तरंगती वनस्पती शिरली आहे, जी आपल्याकडच्या जलपर्णीसारखी पाण्यावर जाड गालिचा पसरून खालचा प्रकाश आणि प्राणवायू तोडते, आणि तिचा बोटभर तुकडा दुसऱ्या तलावात पोहोचला तरी तिथे तिचे राज्य सुरू होऊ शकते. ती बोटीवरून वाहून नेणे हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. शेजारच्या ट्रेलरवरच्या माणसाने आमची मागची बाजू तपासून दिली आणि आम्ही त्याची.

रात्री ते दोन बास मी आमच्या पद्धतीने केले: मीठ, हळद, आगळ आणि मालवणी मसाला लावून अर्धा तास ठेवले, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत भाजले. बासचे मांस पांढरे, घट्ट आणि सौम्य चवीचे असते. सुरमईची बरोबरी ते करत नाही, पण आगळ त्याला चांगले मानवते. पुढच्या आठवड्यात रात्री 55 अंशांखाली उतरणार नाहीत असा अंदाज आहे, म्हणजे फाट्यांत सगळीकडे घरटी दिसू लागतील. त्यामुळे काकांनी बासचे रॉड गॅरेजमध्ये टांगले आहेत, आणि शनिवारी आम्ही पुलाच्या खांबांशी क्रॅपीसाठी जाणार आहोत. फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथे मिळालेली प्रत्येक क्रॅपी ठेवावी लागते, कारण खोलातून वर आलेली क्रॅपी सोडली तरी बहुधा जगत नाही. मार्चपासून मात्र 10 इंचांची मर्यादा पुन्हा लागू होते, म्हणून मोजपट्टी बरोबर घ्यायची आहे.